पैसा बाहेरचा, पाय इथले

गेल्या महिन्यात आपण नागपूरच्या भोसल्यांच्या राण्यांबद्दल बोललो. आज त्याच शहराची पण वेगळ्या माणसांची गोष्ट सांगणार आहोत. साता समुद्रापलीकडून आलेले पाद्री आणि त्यांच्यासोबत काम केलेली इथली माणसं, यांची ही गोष्ट आहे.

काही जणी म्हणतील, आपल्या बचत गटांच्या कार्यक्रमात पाद्र्यांचं काय काम? आम्ही समन्वयक मंडळींनी हा विषय निवडला त्याला कारण आहे. कोणी बाहेरून येतं, पैसा आणतं, चांगलं काम उभं करतं. गावातली माणसं त्यात राबतात. मग एक दिवस प्रश्न पडतो, हे काम कुणाचं? निर्णय कुणी घ्यायचा? फलकावर नाव कुणाचं लागायचं? आपल्या गटांनाही हे नवं नाही. तीन वर्षांचा प्रकल्प येतो, शिलाई मशीन येतात, तिसऱ्या वर्षी गाडी परत जाते आणि मशीनची चावी कुणाकडे हे कुणालाच ठाऊक नसतं. नागपुरातल्या मिशनच्या लोकांनी हाच प्रश्न सव्वाशे वर्षं सोडवला. कसा सोडवला, ते ऐकण्यासारखं आहे. धर्म कोणता चांगला, हा आजचा विषय नाही. तो ज्याचा त्यानं ठरवावा.

नागपूर शहरात हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना माहीत आहे. आपल्यातल्या कितीतरी जणींची मुलं, भाचरं तिथं शिकली. पण हिस्लॉप कोण, असं विचारलं तर फार थोड्या जणी सांगू शकतील.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडमधल्या डन्स नावाच्या गावचे. जन्म 1817 चा. 1844 च्या डिसेंबरात ते पत्नी एरास्मा यांच्यासह मुंबईला उतरले आणि 1845 च्या फेब्रुवारीत नागपूरला पोचले. तेव्हा नागपूरला रेल्वे नव्हती. ती आली 1867 साली. म्हणजे मुंबईहून इथवरचा सगळा रस्ता जनावरांच्या पाठीवर नाहीतर गाडीत. नागपूरवर राज्य होतं तिसऱ्या रघुजी भोसल्यांचं आणि सीताबर्डीला इंग्रजांचा रेसिडेंट बसलेला. कामठीला इंग्रजांची छावणी होती, पण शिपाई मद्रासकडचे, तमिळ आणि तेलुगू बोलणारे. नागपूरला मिशन काढावं म्हणून पैसा दिला तोही मद्रासच्या फौजेतल्या एका अधिकाऱ्यानं, विल्यम हिल यांनी.

आता बघा, पैसा मद्रासच्या अधिकाऱ्याचा, माणूस स्कॉटलंडचा, राजा मराठा, बाजारात बोली वऱ्हाडी, गोंडी, हिंदी, छावणीत तमिळ. अशा ठिकाणी एकटा परदेशी माणूस काय करणार? भाषा शिकल्याशिवाय त्याला दुकानातून मीठसुद्धा आणता येणार नाही. हिस्लॉप मराठी शिकले. पुस्तकातून जेवढं येतं तेवढं आलं, उरलेलं इथल्या माणसांनी शिकवलं. आपल्याकडे इतिहास सांगताना अमुक साहेबांनी शाळा काढली असं एका ओळीत सांगतात. पण 1846 मध्ये नागपुरात शाळा सुरू झाली, तेव्हा फळ्यापाशी उभं राहायला, बाराखडी गिरवून घ्यायला, पोराच्या घरी जाऊन आईबापाची समजूत काढायला इथलीच माणसं लागली. साहेबाच्या शाळेत पोरगं पाठवायचं म्हणजे त्या काळी मोठी जोखीम होती. पोरगं बाटेल, ही भीती प्रत्येक घरात.

आणि ती भीती अगदीच खोटी होती असंही नाही. 1848 साली बाबा पांडुरंग नावाच्या एका तरुण विद्यार्थ्यानं ख्रिस्ती व्हायचं ठरवलं आणि तो हिस्लॉप यांच्या आश्रयाला आला. शहरात गडबड उडाली. नागपूरचे राजे आणि इंग्रज यांच्यातल्या तहात एक कलम होतं, की राजाची पळून आलेली प्रजा इंग्रजांनी परत द्यायची. हे कलम पळालेल्या गुन्हेगारांसाठी असेल असं कुणालाही वाटेल. पण ते या पोराला लावण्यात आलं. रेसिडेंट इंग्रज, मिशनरीही गोरा, तरी रेसिडेंटानं त्या मुलाला राजाच्या हवाली केलं. तो कैदेत राहिला. पुढे सुटला, आणि सुटल्यावर परत मिशनकडेच आला.

आम्ही ही हकीकत बैठकीत वाचली तेव्हा एकजण पटकन म्हणाली, "बाई, साहेबाचं काय गेलं? कैदेत तर पोरगंच बसलं नं!" यात सगळं आलं. मिशनरी साहेबाला राग आला, त्यानं कागद लिहिले, मुंबईला आणि पलीकडे कळवलं. त्याला कोणी हात लावला नाही. इथल्या माणसानं मात्र घर सोडलं, जात गेली, नातं तुटलं, वर कैद झाली. मिशनच्या इतिहासात त्यागाचे जे जे गोडवे गायले जातात त्यात समुद्र ओलांडण्याचा त्याग मोठा मानतात. आमच्या मते नागपुरात राहूनच ज्याला नागपूर परकं झालं, त्याचा त्याग काही कमी नव्हता.

एक गोष्ट मात्र हिस्लॉप यांच्या बाजूनं सांगायलाच हवी. हा माणूस फक्त प्रवचनं देत बसला नाही. त्याला या मातीचं वेड लागलं. सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासोबत तो नागपूरच्या आसपास टाकळीकडे दगड तपासत हिंडायचा. दगडात मुरलेले जुन्या काळचे शिंपले, पानं, जनावरांचे अवशेष गोळा करायचा. आज एका खनिजाला त्याच्या नावावरून 'हिस्लॉपाइट' म्हणतात. गोंड लोकांबद्दलही त्यानं खूप लिहून ठेवलं. त्यातलं सगळ्यात मोलाचं म्हणजे लिंगोची कथा. आपल्या भागातल्या गोंड मैत्रिणींना ती सांगायला नको. पारी कुपार लिंगो, ज्यानं गोंडांना गुहेतून सोडवलं, त्यांची गोत्रं लावून दिली. ही कथा परधान गातात. परधानाच्या तोंडून ती गोंडीत उतरवून घेतली गेली, मग तिचं भाषांतर झालं. हिस्लॉप यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, ते सगळे कागद रिचर्ड टेंपल यांनी पुस्तक करून छापले. पुस्तकावर नाव हिस्लॉप यांचं आणि टेंपल यांचं. ज्यानं रात्ररात्र बसून गायलं त्या परधानाचं नाव मुखपृष्ठावर नाही.

असं असलं तरी ते कागद झाले नसते तर लिंगोचं ते जुनं रूप आपल्या हाती आलं असतं का, हाही प्रश्न आहेच. गाणारा आणि लिहिणारा, दोघांपैकी एकजण नसता तर काम झालं नसतं. पण पुस्तकावर नाव फक्त लिहिणाऱ्याचं राहिलं.

हिस्लॉप यांचा शेवट फार वाईट झाला. बुटीबोरीजवळचं टाकळघाट तुम्हाला माहीत असेल. तिथं फार प्राचीन काळची दगडांची वर्तुळं आहेत, मोठमोठे दगड गोल मांडलेले. 1863 च्या सप्टेंबरात टेंपल साहेबांसोबत हिस्लॉप ती बघायला गेले. टेंपल हे तेव्हा मध्य प्रांताचे मुख्य अधिकारी. काम झाल्यावर हिस्लॉप मागे थांबले, कारण बोरीची शाळा तपासायची होती. शाळा तपासून अंधारात घोड्यावरून निघाले. पाऊस झालेला, नाल्याला पूर. घोडा मुक्कामावर परत आला, पाठीवर स्वार नव्हता. तारीख 4 सप्टेंबर. चार दिवसांनी त्यांना शेहेचाळीस वर्षं पूर्ण झाली असती.

आमच्याकडच्या बायकांना नाल्याचा पूर काय असतो हे सांगावं लागत नाही. भाद्रपदातला नाला दिवसा घोट्याएवढा असतो आणि रात्री माणूस गिळतो. पण या प्रसंगात आमचं लक्ष दुसऱ्याच गोष्टीकडे गेलं. बोरीला तपासायला शाळा होती, म्हणजे ती रोज उघडणारा मास्तर होता. 1863 साली, खेड्यात. साहेब वर्षातून एखाद्या वेळी जायचा. मास्तर पावसाळाभर तिथंच असायचा. साहेबाच्या नावाचं कॉलेज 1883 साली झालं आणि ते व्हायलाच हवं होतं. बोरीच्या मास्तरासाठी कुठं पाटी लागलेली आम्ही पाहिली नाही.

आता बायकांकडे येऊ. पाद्री कितीही चांगला असला तरी तो पुरुष आणि परका. माजघरापर्यंत त्याची मजल जाणार नाही. एकोणिसाव्या शतकात घरातल्या बाईनं परपुरुषासमोर येणं दूरच, आजारपणात पुरुष डॉक्टरला हात दाखवणंही होत नसे. पडद्याआडून नाडीला दोरा बांधून देत, अशा गोष्टी आपल्या पणज्या सांगत. म्हणून मिशननं बाया आणल्या. डॉ. अ‍ॅग्नेस हेंडरसन 1890 साली नागपूरला आल्या. त्या बाईंनी बायकांसाठी औषधोपचार सुरू केले आणि त्या दशकातच सीताबर्डीला मुर मेमोरियल दवाखाना उभा राहिला. बायकांनी बायकांसाठी चालवलेला दवाखाना, ही त्या काळच्या नागपुरात केवढी मोठी गोष्ट असेल!

पण डॉक्टरबाई एकट्या काय करतील? त्यांची खरी माणसं म्हणजे इथल्या शिकलेल्या नर्सबाया आणि ज्यांना 'बायबल वुमन' म्हणत त्या बाया. बायबल वुमन म्हणजे कोण, तर मिशननं थोड्या पगारावर नेमलेली इथलीच बाई. बऱ्याचदा विधवा, कधी टाकलेली. तिला वाचायला शिकवलेलं असायचं. ती पिशवीत पुस्तक घेऊन मोहल्ल्यामोहल्ल्यातून फिरायची, घरात शिरायची, बायकांना वाचून दाखवायची, अक्षर शिकवायची, आजारी बाईला दवाखान्यात चल म्हणून समजवायची. आपल्या आशाताई आणि सीआरपी ताई जे करतात ना, तेच. परदेशी बाईला ज्या दारातून आत घेत नसत त्या दारातून ही आत जायची, कारण बोली एक, साडी एक, चुलीची रीत ठाऊक.

तिच्यावर दोन्हीकडून मार होता. गावातले म्हणायचे, ही बाटगी. मिशनमधले तिचा पगार शिपायाच्या पगारासारखा लावायचे. परदेशी मिशनऱ्यांचा पगार वेगळ्या हिशेबानं ठरायचा आणि देशी कामगारांचा वेगळ्या, ही रीत त्या काळच्या जवळजवळ सगळ्याच मिशनमध्ये होती. साहेबांचं उत्तर असे की त्यांना विलायतेचा खर्च आहे, मुलं तिकडे शिकतात, हवापाण्यामुळे थंड ठिकाणी जावं लागतं. यात काही अंशी खरंही होतं. पण एकाच देवाचं काम दोघं करतात, एकजण बंगल्यात राहतो आणि दुसरा बंगल्याच्या मागच्या खोलीत, हे इथल्या माणसांना टोचायचंच. त्यात 1896-97 आणि पुन्हा 1899-1900 चा दुष्काळ आला. छप्पन्नचा दुष्काळ म्हणून आजही म्हातारी माणसं ज्याची आठवण काढतात तो हाच. विदर्भात माणसं अन्नावाचून मेली. मिशनच्या अनाथालयांत पोरं भरली. त्यावरून "भाकरीसाठी बाटले" हा शब्द रूढ झाला. उपाशी पोराला भाकरी देणारा हात धर्मासाठी पुढे आला की मायेपोटी, याचा निवाडा पोट भरलेल्या माणसानं करू नये, असं आम्हाला वाटतं. पण त्याच वेळी, भाकर देणाऱ्याच्या हाती पोराचं नाव आणि धर्म बदलायची ताकद येते, हेही विसरून चालत नाही. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या असू शकतात.

या सगळ्याला ज्यानं उघड उत्तर दिलं तो माणूसही नागपूरशी जोडलेला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक. हे लोकमान्य टिळक नव्हेत, त्यांच्याच काळातले कवी टिळक. जन्मानं कोकणातले चित्पावन ब्राह्मण. काही काळ ते नागपुरात अप्पासाहेब बुटी या धनवंतांच्या आश्रयाला होते, 'ऋषि' नावाचं मासिक चालवत होते. धर्म सुधारावा, जातीपाती मोडाव्या, हे त्यांच्या डोक्यात तेव्हाच होतं. 1893 मध्ये ते राजनांदगावला नोकरीसाठी रेल्वेनं निघाले. डब्यात अर्नेस्ट वॉर्ड नावाचे एक मिशनरी भेटले. बोलणं निघालं, वॉर्ड यांनी त्यांना बायबलचा नवा करार दिला आणि तुम्ही दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असं भाकीत केलं. टिळकांना तेव्हा ते हसण्यासारखं वाटलं असेल. पण 10 फेब्रुवारी 1895 ला मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. आणि इथं नीट ऐका. बाप्तिस्मा देणारे गोरे साहेब नव्हते. तुकाराम नथोजी या देशी पाळकाच्या हातून त्यांनी तो घेतला.

पुढे टिळक अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनमध्ये राहिले. तिथले डॉ. ह्यूम आणि ते, यांनी मिळून वर्षानुवर्षं काम केलं. टिळकांनी मिशनला काय दिलं? तोवर देवळात विलायती चालीवर भाषांतर केलेली गीतं म्हणत. शब्द मराठी, पण जिभेवर बसत नसत. टिळकांनी अभंग लिहिले, ओव्या लिहिल्या, टाळ-मृदंगावर कीर्तनं केली. ज्ञानोबा-तुकोबांच्या वाटेनंच आपण ख्रिस्ताजवळ आलो, असं ते मोकळेपणानं सांगत. आज महाराष्ट्रातल्या कोणत्याही मराठी मंडळीत रविवारी जा, टिळकांचं भजन ऐकू येईल. परदेशी मिशननं छापखाना दिला, 'ज्ञानोदय'सारखं वर्तमानपत्र दिलं. त्यात जीव ओतला तो इथल्या कवीनं.

तरीही 1917 साली टिळकांनी मिशनचा पगार सोडला. बावीस वर्षांच्या कामानंतर, उतारवयात, पुढचं पोट कशावर हे ठरलेलं नसताना. भांडण करून निघाले नाहीत. साहेबांशी मैत्री राहिली. पण पगार घेतो तोवर आपण नोकर, आणि नोकराच्या तोंडून आलेला धर्म लोकांना साहेबाचा धर्म वाटतो, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्यांनी 'देवाचा दरबार' काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, ख्रिस्ताला मानणारे सगळे त्यात चालतील. 1919 च्या मे महिन्यात ते वारले, त्यामुळे दरबार फार वाढला नाही.

मिशनवाल्यांनी अशा माणसाला बेइमान ठरवलं असतं तर नवल नव्हतं. बऱ्याच साहेबांनी तसं केलं नाही, ही त्यांची मोठेपणाची बाजू. याच मिशनमधले डॉ. जस्टिन अ‍ॅबट यांचं उदाहरण आम्हाला फार आवडतं. म्हातारपणी त्यांनी आपल्या मराठी संतांची चरित्रं आणि काव्य इंग्रजीत आणायला घेतलं. महिपतीच्या 'भक्तविजया'च्या भाषांतरावर त्यांच्या नावासोबत पंडित नरहर गोडबोले यांचंही नाव छापलेलं आहे. ख्रिस्ती पाद्री आणि हिंदू पंडित, एका पुस्तकावर शेजारी शेजारी. परधानाच्या वेळी जे झालं नाही ते इथं झालं.

टिळकांबद्दल बोलताना लक्ष्मीबाईंना वगळलं तर आपला कार्यक्रम बायकांचा कसला? लक्ष्मीबाई टिळक, जन्म 1868. लग्न झालं तेव्हा अकरा वर्षांच्या. नवरा ख्रिस्ती झाला हे कळलं तेव्हा त्यांच्यावर आभाळ कोसळलं. चार-पाच वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग नवऱ्याकडे आल्या, पण स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं, सोवळं कडक. नवऱ्यानं जबरदस्ती केली नाही. मिशनच्या बायांनीही वाट पाहिली. विचार करता करता एक दिवस बाईंच्या मनात आलं की माणसं देवानं केली, पण जात काही देवानं केलेली दिसत नाही. त्या दिवशी सोवळं गळालं. बाप्तिस्मा 1900 साली घेतला, स्वतःच्या बुद्धीनं. नवऱ्यानं ओढलं म्हणून त्या गेल्या नाहीत, हे महत्त्वाचं.

त्यांची 'स्मृतिचित्रे' 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झाली. शाळेत न गेलेल्या बाईनं लिहिलेलं ते आत्मचरित्र मराठीतलं सोनं आहे. आपल्या ग्रंथालयात आहे, न्या आणि वाचा. मोठ्यानं वाचा, हसून पोट दुखेल. त्यात मिशनचे साहेब-मडम येतात, पण घाबरवणारे नाहीत आणि देवही नाहीत. शेजारपाजारची माणसं जशी असतात तशीच. बाईंनी सगळ्यांना एकाच तराजूत तोललं, स्वतःलाही.

आणि 1933 साली मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलन आपल्या नागपुरात भरलं तेव्हा अध्यक्षा होत्या लक्ष्मीबाई. पासष्टीची म्हातारी बाई, नऊवारीत, अध्यक्षाच्या खुर्चीत. हिस्लॉप नागपूरला आले त्याला तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षं झाली होती.

त्या सुमारास वरच्या पातळीवरही बदल होत होते. देशभरातल्या मिशनांची आणि मंडळींची मिळून एक राष्ट्रीय ख्रिस्ती परिषद 1923 मध्ये झाली. तिच्यात निदान निम्मे सभासद हिंदी असावेत असा नियम केला गेला. पुढे तिचं कार्यालय नागपूरलाच आलं, देशाच्या मधोमध म्हणून, आणि आजही इथंच आहे. 1929 पासून बरीच वर्षं तिचे अध्यक्ष होते व्ही. एस. अझराया, तमिळनाडूकडचे बिशप. याच अझरायांनी 1910 साली स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांच्या भरसभेत तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही आम्हाला पैसा दिला, आयुष्यं दिली, आता बरोबरीची मैत्री द्या. सभेला ते लागलं. काहींना राग आला, काहींच्या डोळ्यांत पाणी आलं. नियम बदलायला मात्र वर्षं गेली.

स्वातंत्र्यानंतर प्रश्न अधिक टोकदार झाला. तेव्हा नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होती. 1954 साली सरकारनं निवृत्त न्यायाधीश भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला समिती नेमली. 1956 मध्ये अहवाल आला. धर्मांतर हाच ज्यांचा हेतू आहे अशा परदेशी मिशनऱ्यांना परत पाठवावं, अशी शिफारस त्यात होती. ख्रिस्ती पुढाऱ्यांनी तो अहवाल एकतर्फी असल्याचं सांगितलं. वाद खूप गाजला, अजूनही निघतो. आम्ही त्यात पडत नाही. एवढंच सांगतो की परदेशी पैशाबद्दलचे काही प्रश्न समितीच्या आधी कितीतरी वर्षं इथल्या ख्रिस्ती माणसांनीच विचारले होते, आतून, प्रेमानं आणि स्वतःची नोकरी पणाला लावून. समितीत आणि वर्तमानपत्रांत त्यांचा आवाज फारसा ऐकू आला नाही. बाहेरच्या भांडणात घरातलं म्हणणं नेहमीच दबतं.

मग आला 29 नोव्हेंबर 1970 चा दिवस. नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये देशभरातून माणसं जमली. उत्तर भारतातल्या सहा वेगवेगळ्या मंडळ्या, कुणाला इंग्रजांनी सुरू केलेलं, कुणाला स्कॉटिश, कुणाला अमेरिकन मिशनरींनी, त्या सगळ्या मिळून एक झाल्या. नाव ठेवलं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. साहेबांची भांडणं साहेबांच्या देशातली होती. कुणी पाण्यात बुडवून बाप्तिस्मा द्यायचा, कुणी डोक्यावर पाणी शिंपडून. कुणाला बिशप चालायचा, कुणाला चालायचा नाही. ती भांडणं इथल्या लोकांनी दोन-चार पिढ्या सांभाळली, आणि मग बसून, चाळीस वर्षं बोलणी करून मिटवली. चाळीस वर्षं! आपल्याला दोन ग्रामसंघ एकत्र करायचे म्हटलं तर दुसऱ्याच बैठकीत खुर्च्या उलटतात.

या एकीकरणात मालमत्तेचा प्रश्न किती मोठा होता ते आपल्याला लगेच कळेल. शाळा, दवाखाने, बंगले, जमिनी, कब्रस्तानं. कागद विलायतेतल्या संस्थांच्या नावानं. सहीचा अधिकार कुणाला, खातं कुणाच्या नावे, ही कामं भजन म्हणून होत नाहीत. त्यासाठी इथली माणसं हिशेब शिकली, ट्रस्ट काढले, वकील केले. काही ठिकाणी ते नीट झालं, काही ठिकाणी त्यावरून कोर्टकचेऱ्या आजवर चालू आहेत. परदेशी साहेब गेला की भांडण संपतं असं नाही, फक्त ते आपसातलं होतं.

पुढच्या महिन्यात आपण कामठीच्या विणकर बायांबद्दल बोलणार आहोत. त्याआधी एक काम आहे. आपल्या गावात, तालुक्याला कधी मिशनची शाळा किंवा दवाखाना असेल, तिथं तुमची आजी, मावशी, शेजारची कुणी बाई नर्स, शिक्षिका, आया, बायबल वुमन म्हणून काम करून गेली असेल, तर तिचं पूर्ण नाव, गाव आणि किती वर्षं काम केलं ते वहीत लिहा. फोटो असेल तर सांभाळून ठेवा. मासिक बैठकीत आपल्या समन्वयक ताईकडे द्या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या पोरीकडून लिहून घ्या, पण नाव पूर्ण लिहा. 'अमक्याची बायको' असं लिहू नका.